ठासणीची बंदूक आणि तिच्याभोवती जमणारी माणसं: सीमाभागातल्या माजी सैनिकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एकही माजी सैनिक नाही असं गाव सापडणं कठीण. सतरा-अठरा किंवा चोवीस वर्षं नोकरी करून माणूस चाळिशीच्या आसपास घरी येतो. घर बांधतो, शेत बघतो, नाहीतर एखादी सिक्युरिटीची नोकरी धरतो. पलटणीतली माणसं भेटतात ती कँटीनच्या रांगेत किंवा ईसीएचएस दवाखान्याच्या बाकावर. "कुठली पलटण? कधी पेन्शन आलासा?" एवढं बोलणं होतं आणि ज्याची त्याची पिशवी घेऊन ज्याची त्याची गाडी सुटते.

त्या बोलण्याच्या पुढं जावंसं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे: ठासणीची, म्हणजे तोंडाकडून भरायची जुनी बंदूक मिळून शिकायचं आणि सांभाळायचं एक छोटं मंडळ गावात कसं काढावं. गावात चार-सहा माजी सैनिक, त्यांतल्या एखाद्याच्या घरात आज्याच्या वेळची ठासणीची बंदूक आणि आठवड्यातली एक मोकळी सकाळ, एवढं भांडवल सुरुवातीला पुरतं. हरहुन्नरी असण्याची गरज नाही. धीर मात्र पाहिजे, कारण हे काम घाईनं होत नाही.

हीच बंदूक का

ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. नळीत आधी दारू, मग बोळा, मग गोळी किंवा छर्रे आणि पुन्हा बोळा. प्रत्येक थर गजानं ठासायचा, बुडाशी असलेल्या निपलवर (बारीक छिद्राच्या बोंडावर) आपटल्यावर पेटणारी टोपी बसवायची आणि मग घोडा (टोपीवर आपटणारा भाग) ओढायचा. टोपी यायच्या आधी चकमकीच्या गारेवर आणि त्याही आधी जळत्या तोड्यावर (वातीवर) काम चालायचं. टोपीच्या मागचा शोध स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या पाद्र्याचा. आपटल्यावर पेट घेणारी दारू बार पेटवायला वापरण्याचं पेटंट त्यानं १८०७ साली घेतलं. आपल्याकडं खानापूर-चंदगडच्या रानपट्ट्यात रानडुकरांपासून भात आणि ऊस राखायला जी बंदूक घराघरांत आली, ती बहुतेक टोपीचीच.

आता सैनिकाशी तिचं नातं बघा. 'गिनती से' करायची कवायत आपण ट्रेनिंगमध्ये घाम गाळून शिकलो. हुकूम, एक, थांबा, दो, थांबा. या पद्धतीचं मूळ ठासणीच्या बंदुकीत आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमध्ये नासाऊचा मॉरिस या सेनापतीनं आणि त्याच्या भाऊबंदांनी तोड्याची बंदूक भरण्याचं काम सुट्या सुट्या हालचालींत तोडलं आणि प्रत्येक हालचालीला एक हुकूम लावला. १६०७ साली ही कवायत चित्रांसह छापली गेली, तेव्हा त्यात चाळीसच्या वर हालचाली होत्या. पेटता तोडा एका हातात आणि दारू दुसऱ्या हातात घेऊन रांगेत खेटून उभं राहायचं, तर सगळ्यांचे हात एका तालात चालणं भागच होतं. नाहीतर शेजारचाच भाजला असता.

मराठा लाइट इन्फंट्रीची सगळ्यात जुनी पलटण १७६८ सालची. तेव्हा तिच्या शिपायांच्या खांद्यावर चकमकीची ठासणीची बंदूक होती, आणि कसलेला शिपाई मिनिटाला तीनच्या आसपास बार काढायचा. बेळगावात रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून आहे. आपण हातात एसएलआर रायफल घेतली, इन्सास रायफल घेतली, पण पाय आपटले ते त्या जुन्या बंदुकीनं घालून दिलेल्या शिस्तीवरच. म्हणून ही बंदूक समोर ठेवली की इन्फंट्रीवाला, तोफखान्यावाला, एमईजीवाला (इंजिनियर) आणि एएससीचा (पुरवठा-वाहतूक दलाचा) ड्रायव्हर असे सगळे एकाच जागेवरून सुरुवात करतात. कुणालाच ती नोकरीत मिळालेली नसते. सुभेदार साहेबांना तिची जेवढी माहिती, तेवढीच शिपायाला.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. हिला जोडीदार लागतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ साली गेटिसबर्गची लढाई झाली. लढाईनंतर रणातून सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा केल्या, त्यातल्या सुमारे २४,००० भरलेल्या निघाल्या अशी नोंद आहे. जवळपास १२,००० बंदुकांत दोन-दोन बार ठासलेले होते, काहींत तीन ते दहा, आणि एकीत तर तेवीस. गोंधळात, धुरात, आवाजात शिपायाला आपला बार उडाला की नाही हेच कळलं नाही आणि तो वर आणखी ठासत गेला. काडतुसाच्या बंदुकीत असं होत नाही. ठासणीच्या बंदुकीत आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही, म्हणून शेजारी उभं राहून मोजणारा माणूस लागतो. आपण त्याला बडी म्हणतो. पेन्शनीनंतर ज्याची उणीव सगळ्यात जास्त भासते, तोच हा माणूस.

पहिलं काम: माळ्यावरची बंदूक हात न लावता बघा

घरात जुनी बंदूक आहे असं कळलं की पहिला मोह ती खाली काढून घोडा ओढून बघण्याचा होतो. तो आवरा. कुणीतरी ती भरून ठेवली असेल आणि तसाच वारला असेल, तर काळी दारू कोरड्या नळीत दशकानुदशकं जिवंत राहते. जगभर जुन्या वाड्यांतून आणि संग्रहांतून अशा भरलेल्या बंदुका निघालेल्या आहेत. म्हणून निपलवर टोपी दिसली, तर तिथंच थांबा. घोड्याला, चापाला बोट लावू नका, ती उपटायलाही जाऊ नका. घरातल्यांना बाहेर काढा आणि पोलीस ठाण्याला कळवा.

टोपी नसेल, तर तपासायची रीत सोपी आहे. बंदुकीचं तोंड उघड्या, मोकळ्या दिशेला ठेवा. स्वतःचं तोंड, हात आणि मांडी नळीसमोर आणू नका. गज हलकेच आत सोडा. जिथं थांबेल तिथं, नळीच्या तोंडाशी, गजावर खडूनं खूण करा. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरच्या बाजूनं तितकाच धरा. त्याचं टोक जवळजवळ निपलच्या जागेपर्यंत पोचलं, तर नळी रिकामी. चार-सहा बोटं अलीकडंच राहिलं, तर आत काहीतरी आहे असंच धरून चाला. मग ती उपसायला जाऊ नका, पाणी ओतून "आता निकामी झाली" असंही समजू नका. परवानाधारक बंदूक-कारागीर किंवा पोलीस ठाणं, दोघांपैकी एकाला कळवा. गावातल्या लोहाराकडं बंदूक नेणं धोक्याचं आहेच, शिवाय परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं त्याच्यासाठीही गुन्हा आहे.

दुसरं काम: कागद

यावर वेळ घालवा. बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ भरपूर दिसतात. तिथं नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन १९३३ पासून आहे, तिचं मैदान इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप गावी आहे. नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन १९५० पासून यादवी युद्धाच्या काळातल्या बंदुकांनी संघासंघांच्या स्पर्धा भरवते. आठ जणांचा संघ, फुटणारी निशाणं आणि चालू घड्याळ. तिथले माजी सैनिकही यात रमतात. हे बघून आपल्याला हुरूप येतो, आणि यावाच. पण तिथल्या केंद्रीय कायद्यात ठासणीची बंदूक आणि तिची नक्कल बहुतेक वेळा बंदुकीच्या व्याख्येतच येत नाही. आपल्याकडं शस्त्र कायदा १९५९ चा आणि नियम २०१६ चे, आणि त्यात ठासणीची बंदूक पूर्णपणे बंदूकच आहे. परवान्याशिवाय जवळ ठेवली तर तुरुंगाची शिक्षा आहे. "जुनी आहे, आज्याची आहे, चालत नाही" हे उत्तर न्यायालयात टिकत नाही.

कायद्याच्या तेराव्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. शेतकरी माजी सैनिकाला हा रस्ता खुला आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, आणि बेळगाव शहर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडं. ज्या जमिनीसाठी मागता तिचा उतारा, पोलिसांचा अहवाल आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. डिस्चार्ज बुक आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र सोबत ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली आहे आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. मुदत संपायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर ठळक लिहा. कागदपत्रं कन्नडमध्ये असतील आणि वाचता येत नसेल, तर गोकाक-बैलहोंगलकडचा एखादा माजी सैनिक मित्र बरोबर न्या. कन्नड बोलणारे आणि मराठी बोलणारे एकत्र येतात तेव्हा आपल्या पलटणीतल्या हिंदीत सगळ्यांचं जमतं, हे आपण वर्षानुवर्षं बघत आलो आहोत.

सीमाभागात राहणाऱ्यानं परवान्याची एक ओळ दोनदा वाचावी: तो कुठल्या क्षेत्रात चालतो ती. घर बेळगाव जिल्ह्यात, शेत चंदगड तालुक्यात, सासुरवाडी गडहिंग्लजला, असं आपल्याकडं सर्रास आहे. माणसाला ही सीमा जाणवत नाही, बंदुकीला जाणवते. कर्नाटकातला परवाना घेऊन पलीकडच्या बांधावर बंदूक गेली तर क्षेत्राबाहेर नेल्याचा गुन्हा होऊ शकतो. पीकरक्षणाच्या परवान्यात तर बंदूक कुठल्या जमिनीसाठी आहे हेच लिहिलेलं असतं. त्यामुळे मंडळ जमवताना बंदूक जागची हलवायची नाही. जो परवानाधारक, त्याच्या घरी बाकीच्यांनी जायचं. त्यानिमित्तानं एकमेकांच्या घरच्यांची ओळख होते ती वेगळीच.

निवडणूक लागली की बंदूक जमा करायचा आदेश येतो. तो आला की वाद न घालता जमा करा, पावती घ्या, पावतीचा फोटो काढून जोडीदाराला पाठवा.

आणि ज्या घरी बंदुकीचा मालक वारला आहे, त्या घराकडं आपण आपणहून जायला हवं. नवरा गेला की त्याचा परवाना संपतो आणि बंदूक घरात बेकायदा होते. त्या बाईला ते माहीतच नसतं. अशी बंदूक ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडं जमा करावी लागते. नंतर वारसांपैकी एखाद्यानं स्वतःच्या नावावर परवाना मागायचा की ती विकून टाकायची, हे घरच्यांनी ठरवायचं. आपल्या मंडळानं वर्षभरात दुसरं काही केलं नाही आणि गावातल्या अशा दोन घरांचे कागद नीट लावून दिले, तरी मी त्याला चांगलं मंडळ म्हणेन.

पूर्ण निकामी झालेल्या, दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या जुन्या शस्त्राला कायद्यात सूट आहे. पण ते निकामी आहे हे आपण ठरवायचं नाही. लेखी घ्या.

तिसरं काम: लाकडाची बंदूक करून घ्या

परवान्याला महिने लागतात. तोवर बसून राहू नका, शिकणं लाकडी डमीवरच करायचं असतं. सुताराकडून दोन डमी करून घ्या. लांबी खऱ्या बंदुकीएवढी, सुमारे साडेचार फूट. नळीच्या जागी लाकूड कोरून हातभर खोल खोबण, आणि तीत जाईल असा बांबूचा गज. लोखंडी नळी, खरा घोडा, खरं निपल असलं काही लावू नका. नकली बंदुकीची खरी करणं हाही गुन्हा आहे, आणि दुरून बघणाऱ्या हवालदारालाही ती लाकडी दिसली पाहिजे. म्हणून रंगवू नका.

आता ड्रिल बसवा. मॉरिसच्या चाळीस हालचाली आपल्याला नकोत, दहा-बारा पुरतात. बट जमिनीवर, नळी अंगापासून दूर झुकलेली. गज टाकून नळी रिकामी असल्याची खात्री. माप. दारू (डमीवर राख किंवा काहीच नाही). बोळा, ठास. गोळी, ठास. गजावरची खूण बघ. गज बाहेर, जागेवर. बंदूक निशाणाच्या दिशेला. टोपी. घोडा. शिस्त (म्हणजे नेम). हुकूम एकानं द्यायचा, भरणाऱ्यानं हालचाल करायची, बडीनं प्रत्येक टप्प्याला मोठ्यानं मोजायचं. मध्येच कुणी फोन उचलला किंवा बोलणं निघालं, तर पहिल्यापासून. टोपी नेहमी शेवटी, तीही तोंड निशाणाकडं असतानाच. गज बोटांच्या टोकांनी धरायचा. मूठ वळायची नाही, तळव्यानं रेटायचं नाही, कारण बार चुकून उडाला तर गज गोळीसारखा सुटतो.

उस्ताद, म्हणजे हुकूम देणारा, आळीपाळीनं बदला. हा माझा आग्रह आहे. ज्या माणसानं नोकरीभर हुकूम ऐकले, त्याला हुकूम द्यायला लावा. ज्या साहेबांनी हुकूम दिले, त्यांना बडी म्हणून मोजायला उभं करा. मान ठेवायचाच, साहेबांना साहेबच म्हणायचं, पण जागा बदलायच्या. गप्प बसणारी माणसं मोजता मोजता बोलायला लागतात. कारगिलच्या, सियाचीनच्या, कुपवाड्याच्या गोष्टी त्यांनी घरात कधी सांगितलेल्या नसतात. इथं हात कामात असतात, नजर गजावर असते, त्यामुळे बोलणं सोपं जातं. त्या वेळी कुणी खोदून विचारू नये.

चौथं काम: सफाई

बहुतेक मंडळांचा खरा वेळ इथं जातो आणि जायलाही हवा. रायफल साफ करताना पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी), चिंदी आणि तेल यांची सवय आपल्या हातांना आहे. ठासणीच्या बंदुकीला मात्र पाणी लागतं. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढून घेते आणि एका रात्रीत लोखंड खायला लागते, आणि ती काजळी निघते पाण्यानं. नुसतं तेल मारलं तर तेल आणि काजळी मिळून डांबरासारखा चिकटा तयार होतो. थ्री-नॉट-थ्री रायफलच्या काळातल्या म्हाताऱ्यांना नळीत उकळतं पाणी ओतायची पद्धत आठवते. त्या वेळच्या काडतुसांचा क्षारही पाण्यानंच निघायचा. असा एखादा आजोबा गावात असेल तर त्याला खुर्ची देऊन मध्ये बसवा.

बंदूक रिकामी असल्याची दोघांनी खात्री करायची. निपल काढून कोमट साबणपाण्यात टाकायचं. नळी लाकडापासून सुटी होत असेल तर सोडवायची. ती बादलीत बुडाकडून उभी धरायची, गजाला घट्ट चिंदी बांधून वरखाली करायचं, म्हणजे पाणी आत ओढलं जातं आणि काळं होऊन बाहेर पडतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहायचं. शेवटचं पाणी चांगलं गरम घ्या, म्हणजे नळी तापते आणि आपोआप सुकते. मग कोरड्या चिंद्या, आणि चिंदी कोरडी आणि पांढरी निघाली की तेलाची एक. निपलचं छिद्र बारीक तारेनं मोकळं करा. एकजण साफ करतो तेव्हा दुसऱ्यानं चिंदी तपासायची. परेडच्या आधी कोतसमोर (शस्त्रागारासमोर) व्हायचं तसंच, फक्त इथं ओरडायला कुणी नाही.

बटच्या लाकडाला जवसाचं तेल. चार थेंब, तळव्यानं घासून जिरवायचे. लोखंडाला खोबरेल लावायची खेड्यात पद्धत आहे. ते थंडीत थिजतं आणि वर धूळ धरतं, त्यापेक्षा साधं मशीनचं तेल बरं. पॉलिश पेपर आणि तार-ब्रश दूर ठेवा. नळीवर कारखान्याचे शिक्के, परवान्याचा नंबर, कधी एखाद्या संस्थानची खूण असते. ती घासली गेली की बंदुकीचा इतिहास पुसला जातो आणि कागदावरचा नंबर जुळला नाही तर नवीनच लचांड उभं राहतं.

जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितला आहे, त्यांना ओल म्हणजे काय ते सांगायला नको. पावसाळ्यात बंदूक जांभ्याच्या भिंतीला टेकवून किंवा चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका. दोन्हीत ओल धरते. कुलूपबंद कपाटात उभी, तोंड खाली, आणि पंधरा दिवसांतून एकदा तेलाची चिंदी. अथणीकडच्या कोरड्या हवेत महिन्यातून एकदा पुरतं.

बार काढण्याबद्दल

यावर थोडंच लिहितो, कारण नवख्या मंडळाला पहिलं वर्ष याची गरज नाही. परवाना ज्या कारणासाठी आहे, तेवढ्यासाठीच बंदूक वापरता येते. निशाणबाजी करायची तर परवानगी असलेल्या रेंजवर आणि तसा परवाना असेल तरच. रान म्हणजे रेंज नव्हे. खानापूर तालुक्याचा मोठा भाग भीमगड अभयारण्य आणि राखीव जंगलाला लागून आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे. मंडळात शिकारीची भाषा कुणी काढली तर त्याला पहिल्याच दिवशी थांबवा.

रेंजवर जाण्याची वेळ आलीच, तर जुनी नळी आधी परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या. फक्त काळी दारू, परवान्यावर लिहिली असेल तेवढीच, परवानाधारक दुकानातून. काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीच्या नळीत घातली तर नळी फाटते आणि माणूस मरतो. ती दारू वेगळी आहे, तिचा दाब ही नळी सोसू शकत नाही. फटाक्यांची दारू नाही, घरी केलेली तर नाहीच. डब्यातून थेट नळीत ओतायचं नाही. आधी मापात, मग नळीत, आणि डबा लगेच बंद करून दूर. नळीत ठिणगी राहिली असेल आणि डबा वर धरलेला असेल, तर डबाच फुटतो. गोळी दारूला पूर्ण भिडली पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. गजावरची खूण त्यासाठीच. टोपी फुटली आणि बार उडाला नाही, तर बंदूक तशीच निशाणाकडं धरून किमान साठ सेकंद थांबा, बडीनं मोठ्यानं मोजायचे. कानात बोळे, डोळ्यांवर चष्मा. दारू आणि टोप्या वेगवेगळ्या कुलपात, चुलीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब.

बंदूक बाहेर काढायच्या दिवशी रम कुणीही घेतलेली नसावी, आदल्या रात्रीची उतरलेली नसेल तरी यायचं नाही. बडा खाना (सगळ्यांचं एकत्र जेवण) दुसऱ्या दिवशी करा.

माणसाकडं लक्ष

बंदूक आणि एकटा पडलेला माणूस एका घरात असणं ही काळजीची गोष्ट आहे, आणि आपण ती लपवू नये. एखाद्याची झोप उडाली असेल, तो चिडचिडा झाला असेल, "आता काय राहिलंय" असं बोलायला लागला असेल, आपल्या वस्तू वाटायला लागला असेल, तर त्या दिवशी त्याच्या घरची बंदूक घरात राहू देऊ नका. परवानाधारक दुकानदाराकडं किंवा पोलीस ठाण्यात ती रीतसर जमा ठेवता येते. त्याच्याशी सरळ बोला, एकटं सोडू नका, ईसीएचएसच्या डॉक्टरकडं त्याच्याबरोबर जा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर रात्री-अपरात्रीही चालतो आणि आपल्या भाषेत बोलता येतं. बारच्या आवाजानं कुणाला जुनं काही आठवून त्रास होत असेल, तर त्यानं सफाई आणि ड्रिलपुरतं यावं. त्यात कमीपणा काही नाही, आणि मंडळाला त्याची तितकीच गरज आहे.

बघायला जाण्यासारखं

बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीचं संग्रहालय आहे. ओळखपत्र घेऊन, आधी विचारून जा. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये छत्रपतींच्या घराण्यातली शस्त्रं आहेत. कित्तूरच्या किल्ल्यावर तर मुलांना घेऊनच जा. २३ ऑक्टोबर १८२४ ला तिथं राणी चन्नम्माच्या सैन्यानं इंग्रजांना मागं रेटलं आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. दोन्ही बाजूंच्या हातात ठासणीच्याच बंदुका होत्या. आपण वर्षभर डमीवर ज्या हालचाली केल्या, त्या तिथल्या तटावर उभं राहून मनातल्या मनात करून बघा, किती वेळ लागतो आणि त्या वेळात समोरचा किती जवळ येतो ते कळतं.

खंडेनवमी

वर्षाचा मेळावा खंडेनवमीला ठेवा. शस्त्रपूजा पलटणीतही होते आणि घरीही, त्यामुळे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आदल्या रविवारी सफाई, आणि नवमीला सकाळी ज्याच्या घरी परवान्याची बंदूक आहे तिथं पूजा. रिकामी नळी, निपल काढलेलं, गज नळीत टाकून सगळ्यांना दाखवलेला. हळद-कुंकू बटवर लावा, नळीवर नको, ओल्या कुंकवानं गंज येतो. झेंडूचा हार चालतो. घरातल्या बायका-मुलांना बोलवा, वीरनारींना (शहिदांच्या पत्नींना) मानानं पुढं बसवा, शक्य असेल तर त्यांच्याच हस्ते पूजा करा.

आनंदानं हवेत बार काढायचा नाही. २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीतल्या चित्ररथावर बंदूक घेऊन उभं राहा, असं गल्लीतली पोरं आग्रहानं सांगतील. चित्ररथावर लाकडी डमी न्या, तीही पोलिसांना आधी सांगून. पूजेला बाहेरची माणसं येणार असतील किंवा मांडव घालणार असाल, तर पोलीस ठाण्यात अर्ज गणपती विसर्जनानंतर लगेच द्या. त्यात जागा, वेळ, परवानाधारकाचं नाव, परवाना क्रमांक आणि "बार काढला जाणार नाही" हे वाक्य लिहा. पोच घ्या, तिच्या दोन झेरॉक्स काढा, एक परवानाधारकाकडं आणि एक त्याच्या बडीकडं.